दोन सुतांचं पाप

मित्रांनो, तुमच्यासमोर बसलेलं हे लोखंडी धूड म्हणजे मी, एक जुना प्रोजेक्टर. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवाला. वजन सतरा किलो, रंग एकेकाळी हिरवा, आवाज पिठाच्या गिरणीच्या धाकट्या भावासारखा. माझ्या वयाची यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की आधी स्वतःची स्तुती करतात. मीही करणार आहे, पण थोडीच. कारण माझ्या हातून एका पोरीवर अन्याय झाला होता आणि ते मला पन्नास वर्षं ठाऊकच नव्हतं.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या कारखान्यात मला घडवलं तेव्हा पोटात एक मोटर बसवली, डोळ्यामागे एक दिवा लावला आणि पाठीवर पत्र्याची छोटी पाटी ठोकली. तिच्यावर मला काय खायला घालायचं ते लिहिलं होतं: एकशेदहा व्होल्ट, साठ सायकल, मोटर सतराशे पंचवीस फेरे. ही पाटी म्हणजे माझी जन्मपत्रिकाच म्हणा ना. पुढे ती पुष्कळांनी पुसली, कुणी वाचली मात्र नाही.

एका परदेशी संस्थेने मला भेट म्हणून खानदेशात पाठवलं. जळगावकडच्या एका प्रचार केंद्राची एक गाडी होती. गावोगाव जायचं, पडदा बांधायचा आणि शेतकऱ्यांना केळी, कापूस आणि हिवताप यांवरच्या फिल्म दाखवायच्या, हे तिचं काम. मला त्या गाडीत बसवायचं ठरलं. पहिल्याच दिवशी केंद्रातल्या कारकुनाने हौसेने माझी पिन थेट भिंतीत खोचली. इकडच्या विजेचा दाब माझ्या दुप्पट. माझा दिवा एकदा असा झळकला की कारकुनाने डोळ्यांवर हात घेतले, आणि मग दिवा कायमचा विझला. माझी मोटर थोडक्यात वाचली.

त्यानंतर मुंबईहून दाब निम्मा करणारी एक जड पेटी आली आणि पेटीबरोबर माझ्या आयुष्यात चुडामण आला.

चुडामण तेव्हा विशीचा. पारोळ्याचा, अंगाने सडपातळ, हाताने नेमका. माझ्यासारखं यंत्र त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं, पण आठवड्यात त्याने माझी नस ओळखली. रोज मऊ कापडाने काच पुसायची, रविवारी तेलाचे दोन थेंब, आणि पिनेला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. कुणी जवळ आलं की तो आपल्या अहिराणीत म्हणायचा, "लांबथून दखा. करंटनं मी पाहस." त्या पेटीचा त्याला फार अभिमान. दाबाचा प्रश्न सुटला म्हणजे विजेचा बठ्ठा, म्हणजे सगळा, प्रश्न सुटला, अशी त्याची खात्री झाली. माझीही झाली.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. विजेला नुसता दाब नसतो, ठेकाही असतो; पाटीवर त्यालाच सायकल म्हटलं होतं. माझ्या देशात ती सेकंदाला साठ ठेके धरते, इकडे पन्नास. पेटीने दाब कमी केला, ठेका तिला बदलता येत नव्हता. माझी मोटर तर ठेक्यावर नाचणारी. तिकडे सहा फेरे मारायची तिथे इकडे ती पाचच मारू लागली. म्हणजे माझ्यातून जाणारी प्रत्येक फिल्म हळू जाऊ लागली, आणि फिल्म हळू गेली की तिच्यातला आवाज जाड होतो.

कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा मिनिटांची म्हणून डब्यावर लिहिलेली फिल्म बारा मिनिटं चालायची. चुडामण घड्याळात बघायचा आणि डब्यावरचा आकडा चुकलाय म्हणायचा. ती जादा दोन मिनिटं त्याने चहासाठी राखून ठेवली होती. पडद्यावरची माणसं जरा जेवून सुस्तावल्यासारखी चालायची. माहिती सांगणाऱ्या माणसाचा आवाज तर इतका भारदस्त यायचा की भडगावला एका म्हाताऱ्याने पडद्याला हात जोडले होते. मी खूश, चुडामण खूश, साहेब खूश. अशी आमची वर्षं मजेत गेली.

मग यावलकडे केळीवरची एक फिल्म काढली. सन चौऱ्याहत्तर असेल. फिल्म काढणारी माणसं बागेत आली तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या मुली घड वाहायला आल्या होत्या. त्यांना गायला सांगितलं. त्यांच्यात बिजली म्हणून सतरा वर्षांची एक पोरगी होती. पाड्यावर कुठेही लग्न असलं की पहिलं गाणं तिने उचलायचं, बाकीच्यांनी मागून धरायचं, असा रिवाज पडला होता. तिचा आवाज बारीक आणि सरळ, लांबच्या शेतापर्यंत जाणारा. तिने नवरीला हळद लावतानाचं गाणं त्यांच्या पावरी बोलीत म्हटलं. त्यातली दोन कडवी फिल्ममध्ये घेतली.

फिल्म तयार झाल्यावर आमची गाडी पायथ्याच्या बाजाराच्या गावी गेली. तिथे नुकतीच वीज आली होती. बिजलीचा सगळा पाडा उतरून खाली आला. ती पुढे बसली होती, केसांना तेल लावून. मी सुरू झालो. बाग दिसली, घड दिसले, लोक एकेकाचं नाव घेऊन ओळखू लागले. आणि मग पडद्यावर बिजलीने तोंड उघडलं आणि माझ्यातून एक जाडाभरडा, बाप्याचा वाटावा असा आवाज बाहेर पडला.

कुणीतरी हसलं, आणि हसू आवरेनासं झालं. तिच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीही तोंडाला पदर लावून हसल्या.

बिजली उभी राहिली. म्हणाली, "हाऊ मना आवाज नही."

चुडामण माझ्या शेजारीच उभा होता. कुणी माझ्यावर बोट ठेवलं की त्याला राग यायचा. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नही, पोरी. तुना आवाज जसा शे तसाच येस."

मित्रांनो, त्या मैदानातल्या शंभर माणसांनी बिजलीचं गाणं आपल्या कानांनी ऐकलं होतं, वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तरी त्यांनी आपल्या कानांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. परदेशातलं लोखंडी यंत्र खोटं कशाला बोलेल? बिजली सगळ्यांच्या मधून वाट काढत निघून गेली. तिचं नाव 'घोगरी' पडलं. पुढच्या लग्नात पहिलं गाणं दुसऱ्याच कुणीतरी उचललं. हे पुढे फिरतीवर आमच्या कानावर आलं आणि चुडामणने नुसती मान हलवली. मला तर वाटलं, मी खरं तेच सांगितलं.

पुढे व्हिडिओ आला. गाडीची चाकं निघाली, केंद्र बंद पडलं. लिलावात माझ्यावर कुणी बोली लावली नाही, तेव्हा चुडामणने मला आणि फिल्मच्या तीन डब्यांना उचलून पारोळ्याला घरी आणलं. त्याच्या बायकोने, मंदाबाईने, मला खाटेखाली जागा दिली. माझ्या खोक्याच्या झाकणावर ती उन्हाळ्यात पापड वाळत घालायची. तिच्यावर माझा राग नाही. निदान झाकण रोज पुसलं जायचं.

यंदा होळी झाल्यावर मंदाबाई म्हणाली की खाटेखाली काहीतरी आंबलंय. चुडामणने डबे ओढून काढले. जुनी फिल्म मरायला लागली की तिला शिरक्यासारखा, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. केळीच्या फिल्मच्या डब्यातून तो येत होता. शहात्तर वर्षांचा चुडामण डबा मांडीवर घेऊन बसला. ही फिल्म कुठे दुसरीकडे उरली असेल असं त्याला वाटेना. मरण्याआधी एकदा ती चालवून पाहावी म्हणून त्याने मला रिक्षात घातलं आणि बाजार समितीजवळच्या हेमलताच्या दुकानात नेलं.

हेमलता पाणबुडी मोटरी भरते. भरते म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. तालुक्यातले शेतकरी तिच्या दुकानापुढे मोटर टाकून जातात आणि ती कुणाचं ऐकून घेत नाही. माझी दाबाची पेटी जळून गेली होती, मोटर गंजली होती. तिने मला उघडलं, ब्रशने धूळ झाडली, आणि पन्नास वर्षांत जे कुणी केलं नाही ते केलं. तिने माझी पाटी वाचली.

"नाना, हाई पाटी दखी का कधी?"

"दखी ना. रोज पुशी. पन इंग्रजी शे ती."

"सतराशे पंचवीस फेरा लिखेल शेतस. पन ते साठ सायकलवर. आपली लाईन पन्नासनी शे. आठे हाई मोटर चौदाशे चाळीसच फिरी."

"मग?"

"मग काय, बठ्ठं हळू. चित्र बी, आवाज बी."

चुडामणने विचारलं, "आवाज हळू म्हंजे कसा?"

"जाड येस ना. बाईना आवाज बाप्यासारखा लागस."

मित्रांनो, चुडामण एका रिकाम्या मोटरच्या खोक्यावर बसला. त्याच्यासाठी आणलेला चहा निवून गेला. आणि मी? मी लाकडी टेबलावर उघडा पडलो होतो, आतडी बाहेर, आणि माझ्याजवळ लाज झाकायला झाकणही नव्हतं.

नंतर त्याने हेमलताला बिजलीची हकीकत सांगितली. तिने सगळी ऐकली. मग म्हणाली, "हाई फिल्म आते आठे नही लावानी. तिनासमोरच लावानी." तिने कामाला हात घातला. मंद ठेक्यावर तापू नये म्हणून मोटरला शंभर व्होल्ट आणि दिव्याला एकशेदहा देणारी नवी पेटी तिने स्वतः गुंडाळली. ठेका बदलता येत नाही तर चाक बदलायचं, हे तिनेच काढलं. मोटरवरचं पट्ट्याचं चाक जरा मोठं केलं की मोटर हळू फिरूनही फिल्म पूर्ण वेगाने ओढते. धुळ्याच्या लीलाधर मिस्त्रीने लेथवर पितळेचं चाक काढून दिलं. जुनं तीस मिलिमीटरचं, नवं छत्तीसचं. फरक सहा मिलिमीटरचा, मिस्त्रीच्या मापात जेमतेम दोन सुतांचा. एका पोरीचं गाणं बंद करायला तेवढा पुरला होता. पट्टा लांब हवा होता, तो शिलाई मशीनचा बसला.

आधी कापसाची फिल्म लावून बघितली. भडगावच्या म्हाताऱ्याने ज्याला हात जोडले होते तो भारदस्त माणूस बोलू लागला, आणि त्याचा आवाज निघाला चिरका, घाईघाईचा, एसटी चुकेल म्हणून बोलावं तसा. चुडामणला हसता हसता ठसका लागला. "इतला वरीस मी याले मोठा साहेब समजत व्हतू," तो डोळे पुसत म्हणाला. हसू ओसरलं तरी डोळे पुसणं चाललंच होतं.

केळीच्या फिल्मची मात्र हेमलताने नुसती पाहणी केली. फिल्म आकसली होती, माझे दात अडकतात ती कडेची भोकं फाटायला आली होती. फाटलेली तिने चिकटवली आणि सांगितलं, "एक डाव जाई. दुसऱ्यानी हमी नही." बिजलीचा सतराव्या वर्षीचा आवाज जगात फक्त त्या फितीत होता. आणि ती फीत माझ्याच दातांतून जायची होती.

गोधडीत गुंडाळून मला टेम्पोत ठेवलं. तापी ओलांडून, यावलच्या बागांमधून आम्ही वर गेलो. बिजलीबाई अंगणात होती. मोहाची फुलं वाळत घातली होती, ती हाताने पसरत होती. वय सदुसष्ट-अडुसष्ट, पाठ ताठ. तिने चुडामणला ओळखलं नाही. टेम्पोत गोधडी सरकली आणि तिने मला मात्र ओळखलं.

"माले नही ऐकनं," ती म्हणाली. आवाज खालचा, जाडसर. "एक डाव ऐकं, तेवढं पुरं व्हयनं."

चुडामणने वाटेत पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. ऐनवेळी ते सगळं बाजूला राहिलं. त्याने खिशातून जुनं चाक काढून तिच्या हातात दिलं. हेमलताने साठ आणि पन्नासचं समजावलं. बिजलीबाई चाक बोटांत फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "हिरीवरनं पानी काढानं चाक हळू फिरनं तं घोगरं बोलस, जोरमा फिरनं तं बारीक. तसं का?"

"तसंच, मावशी."

"मी सांगेल व्हतं ना," बिजलीबाई म्हणाली. "त्या टाइमले मी सांगेल व्हतं."

"हां. तू सांगेल व्हतं," चुडामण म्हणाला. "मशीन खोटं बोलनं, अन् मी त्यानी साक्ष दिन्ही."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने मान खाली घातली नाही, हे त्याचं मला बरं वाटलं. मग तिने फुलांवर कापड टाकलं आणि शेजारच्या दोन बायकांना हाक मारली. त्या तिच्याच वयाच्या. त्या संध्याकाळी तोंडाला पदर लावून हसणाऱ्या त्याच.

पाड्यावरच्या घरांना कुडाच्या भिंती, त्यातून ऊन आत येतं, आणि दुपारी तिथली लाईनही मिणमिणती. बिजलीबाईचा मुलगा बादल खाली रस्त्यालगत केळी पिकवायच्या थंड खोलीवर राखणीला असतो. त्या खोलीला खिडकी नाही, भिंती पांढऱ्या आणि लाईन पक्की. मालकाला विचारून त्याने कॅरेट बाजूला केले आणि दार लावून घेतलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत कच्च्या केळ्यांचा गारवा. इतकी मानाची जागा मला कधी मिळाली नव्हती.

चुडामणने फिल्म ओवली. एकही वळण चुकलं नाही. बटण दाबताना तो माझ्याशी काहीतरी पुटपुटला. काय ते सांगत नाही.

बाग दिसली, घड दिसले. माणसं पहिल्यांदाच माणसांच्या चालीने चालत होती. मी दात शक्य तितके हलके टेकवत होतो. आणि मग सतरा वर्षांची बिजली पांढऱ्या भिंतीवर उभी राहिली आणि गाऊ लागली.

बारीक आवाज. सरळ. त्या बंद खोलीत तो मावेना.

दोघी बायकांपैकी एक रडायला लागली. दुसरी बिजलीबाईचा हात धरून म्हणत राहिली, "तूच शे. तूच शे हाई." बिजलीबाई भिंतीवरच्या पोरीकडे बघत होती, आणि पहिलं कडवं सरता सरता तिचे ओठ हलू लागले. मग तिने आवाज लावला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मित्रांनो. वयाने तिचा आवाज उतरला होता. चौऱ्याहत्तर साली माझ्यातून जो आवाज निघाला होता, ज्याला लोक हसले होते, जवळजवळ तोच आज तिच्या गळ्यात होता. जाड, खालचा. आणि तो वाईट नव्हता हो. कधीच वाईट नव्हता. वर पोरीचा बारीक आवाज आणि खाली म्हातारीचा भरदार, असं ते गाणं दोघींनी मिळून उचललं, आणि मी एवढं चांगलं काही आयुष्यात वाजवलेलं नाही.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यात एक भोक फाटलं. मी थांबायचा प्रयत्न केला. चुडामणचा हात बटणावर पोचेपर्यंत फीत तुटली होती आणि तिचा हातभर तुकडा माझ्या दातांत चुरगळला होता. पोरीचा आवाज गेला. भिंत नुसती पांढरी उरली. चुडामणने डोळे मिटून घेतले.

बिजलीबाई थांबली नाही. तिने दुसरं कडवं पुरं केलं. मग तिसरं घेतलं, चौथं घेतलं, फिल्मवाल्यांनी कधी मागितलीच नव्हती ती. पहिली ओळ ती उचलायची आणि त्या दोघी मागून धरायच्या, पूर्वी लग्नात धरायच्या तशा. चुडामणने माझा दिवा विझवला, मोटर बंद केली. इतकी वर्षं गावोगाव मी ऐकवत आलो होतो. त्या अंधाऱ्या खोलीत मी गप्प बसून ऐकलं.

तर मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. आम्हा जुन्या यंत्रांना पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. आम्ही कुठून आलो आणि आम्हाला काय चालतं ते पाटीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. पण एखादी पोरगी भरल्या मैदानात उभी राहून म्हणाली, हा माझा आवाज नाही, तर त्या वेळी आमच्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा, आणि म्हणा, बरं, मग तूच गाऊन दाखव.